तेल लागल्या खांबाची आणि गरुडझेपेची हकीकत

॥ श्री ॥ खांब उभा राहो, माणूस न पडो, पडलेंच तर गादीवर पडो. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरीं, मार्गशीर्षमासीं एका राज्यांत जें घडलें तें येणेंप्रमाणें. राज्याचें नांव लिहावयाचें नाहीं, कारण लिहिलें कीं राणीसाहेब लगेच स्टोरी टाकतील आणि फुकटची जाहिरात होईल. राज्य तिसऱ्या मजल्यावर. खालीं साड्यांचा बारमाही सेल, मध्यें दांतांचे डॉक्टर, आणि वर शर्वाणीराणी राज्य करीत. जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचे चकाचक खांब रोविले होते, आणि रयत म्हणजे गांवच्या पोरी त्यांवर चढत, लोंबत, गिरक्या घेत. पाटीवर आधीं 'पोल डान्स' ऐसें होतें, मग साडीवाल्याच्या बायकोनें नाक मुरडलें, आणि राणीसाहेब घाबरल्या, आणि मसलत करून पाटीवर 'स्तंभकला व संस्कार केंद्र' ऐसें लिहविलें. खांब तेच, गाणीं तींच, पोरींच्या चड्ड्याही तेवढ्याच आखूड, कारण खांब धरतो तो कातडीला. मध्यें कापड आलें कीं माणूस सरळ खालीं. पण संस्कार म्हटल्यावर आईबाप गप्प जाहले. जो जो विचारावयास येई त्यास राणीसाहेब हात जोडून म्हणत, "काका, हा आपला मल्लखांबच हो, फक्त स्टीलचा!" हें वाक्य त्यांनीं इतक्यांदा म्हटलें कीं शेवटीं त्यांना स्वतःलाही खरें वाटूं लागलें, आणि तेथेंच पुढील अनर्थाचें बीज पडलें.

या राज्यांत कार्तिकी घोणे नांवाची पोर होती. वय सतरा. शाळेनें तिला सोडलें कीं तिनें शाळेला, याविषयीं दोन मतें आहेत, आणि दोन्ही तिच्या आत्याचीं आहेत. डोकें तापट, नजर घारीसारखी, एका जागीं बसणें ठाऊक नाहीं. खांबावर मात्र तासन् तास टिके. राज्यांत एक डाव महाकठीण मानिला जाई. इंग्रजींत त्यास 'क्युपिड' म्हणत. राणीसाहेबांनीं आधीं त्याचें मराठी 'मदनबाण' केलें, मग पालकांचीं तोंडें आठवलीं आणि घाईनें 'गरुडझेप' केलें. डाव ऐसा: एका गुडघ्याच्या लवणींत खांब आवळावयाचा, दुसऱ्या पायाचा तळवा खालीं खांबाला रेटावयाचा, अंग आडवें हवेंत काढावयाचें, आणि मग एक हात सोडावयाचा, आणि मग दुसराही सोडावयाचा, आणि दोन्ही पसरून हंसावयाचें, जणूं कांहीं दुखतच नाहीं. कार्तिकीची लवण काळीनिळी जाहली होती. एक हात तिचा सुटे. दुसरा सुटेना. सोडूं म्हटलें कीं बोटें आपोआप आवळत, आणि ती चिडून खालीं उतरे आणि गादीला लाथ घाली. राणीसाहेब मधाळ आवाजांत म्हणत, "ब्रीद, डिअर. युनिव्हर्सवर विश्वास ठेव." कार्तिकी म्हणे, "मॅडम, युनिव्हर्स गादी धरतंय का खाली?" जुईली म्हणून राज्याची सेनापती होती, तिला झेप येत असे, आणि येत असल्याचें ती रोज आठवण करून देत असे. ती पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणे, "अगं, सोडायचा म्हणजे सोडायचा. ह्यात शिकवायचंय काय?" ऐसे सेनापती लाभल्यावर शत्रूची गरज काय.

आतां घरचें राजकारण. कार्तिकीचे वडील दत्ताराम घोणे टेम्पो चालवीत, परंतु त्यांचा खरा मान वेगळा. तरुणपणीं गोविंदा पथकांत ते सगळ्यांत खालच्या थराला उभे राहत. खालच्या थराचा नियम असा कीं वर बघावयाचें नाहीं. मान वर गेली कीं खांदा हलतो आणि वरचे सगळे कोसळतात. म्हणून इतक्या हंड्या फुटल्या पण दत्तारामजींनीं एकही फुटतांना पाहिली नाहीं. ते खालीं बघत ओरडत, "लागला का थर?" वरून कोणी "लागला!" म्हणे, आणि मग डोक्यावर दही पडे तेव्हां त्यांस विजय कळे. वरच्यानें खोटें "लागला" म्हटलें तर सगळे मरणार, म्हणून त्या एका शब्दास पथकांत देवाइतका मान. घरींही तो शब्द चाले. भाकरी भाजली कीं लागला, गॅस जोडला कीं लागला.

तर मंदाआत्यानें त्यांचे कान भरिले. "दत्ता, तुझी पोरगी खांबाला लटकते. एवढ्याशा चड्डीत. सिनेमात बघितलंय हो मी, असले खांब कुठं असतात ते!" मंदाआत्यास सिनेमांतले तेवढेच खांब दिसले, बाकी सगळा सिनेमा बघून कांहीं उजेड पडला नाहीं. घरांत रण माजलें. कार्तिकीनें ताट सरकविलें, आईनें ताट परत पुढें केलें, आणि दत्तारामजी म्हणाले, "ओरडू नको. तुमचं ते संमेलन आहे ना, येतो मी. ती झेप माझ्या डोळ्यांनी बघतो. जमली आणि पटली तर कर काय करायचं ते. नाही जमली तर आत्याकडं राहायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी द्यायची." आत्याकडे राहणें म्हणजे पहाटे उठणें, सिरियल बघणें आणि दिवसभर सल्ला ऐकणें. त्यापेक्षां अंदमान बरें. कार्तिकी म्हणाली, "डोळ्यांनी बघाल ना पण? नाहीतर त्या चड्डीकडं बघवत नाही म्हणून मान खाली घालाल." दत्तारामजी म्हणाले, "बघीन म्हणलं ना." येणेंप्रमाणें तह जाहला.

संमेलनाचा दिवस उजाडला. राज्यांत झेंडूच्या माळा लागल्या, आणि पालकांच्या खुर्च्या मावाव्यात म्हणून बाकीचे खांब काढून मधला एकच ठेविला. राणीसाहेब नऊवारी नेसल्या, आणि ती सारखी सावरीत हिंडत होत्या. खांब पुसावयाची स्पिरिटची बाटली रोज कोपऱ्यांत असे, ती पाहून राणीसाहेब किंचाळल्या, "अरे, बाटली दिसली तर पालक काय समजतील!" आणि ती बाटली गाडींत कुलूपबंद केली, आणि गाडी घेऊन त्यांचे यजमान हार आणावयास गेले ते परत येईनात. अक्कल देखील त्याच गाडींतून गेली असावी. प्रमुख पाहुणे म्हणून राणीसाहेबांनीं मल्लखांबाचे जुने वस्ताद भिकोबा तरवडे यांस पाचारण केलें होतें, कां तर पालकांस पटावें. वस्ताद ठेंगणे, पिळदार, फेटा बांधून आले. खांबास हळदकुंकू झालें, नारळ फुटला, आणि मग वस्तादांनीं खिशांतून एक शिशी काढली, आणि "मॅडम म्हणाल्या आपलाच मल्लखांब आहे, म्हणून घरून आणलंय," म्हणत तळहातावर एरंडेल ओतलें, आणि आपला हात पोचेल तेथपर्यंत तो स्टीलचा खांब प्रेमानें चोळून काढिला. लाकडी मल्लखांबास तेल लागतेंच; त्याशिवाय कातडी सोलते. स्टीलच्या खांबास तेल म्हणजे शुद्ध मरण. राज्यांतल्या लहानांतल्या लहान पोरीस हें ठाऊक होतें. राणीसाहेबांसही ठाऊक होतें. त्यांचा चेहरा पांढरा पडला, आणि त्यांनीं टाळ्या वाजविल्या. मग सगळ्यांनीं वाजविल्या. कार्तिकी एकटी त्या खांबाकडे बघत होती, आणि तेल कोठपर्यंत चढलें आहे तें तिच्या नजरेनें टिपलें.

ती राणीसाहेबांजवळ जाऊन म्हणाली, "मॅडम, तेल आहे." त्या ओठ न हलवितां म्हणाल्या, "शुऽऽ. आशीर्वाद आहे तो." "आशीर्वाद घसरतो, मॅडम." "आधी जुईलीला जाऊ दे." मग जुईली सेनापती टेचांत निघाली, केस उडविले, खांब धरला, वर उडी घेतली, आणि पोतें सुटावें तशी सर्रकन् खालीं येऊन बसली. जुईलीनें बसल्याबसल्या दोन्ही हात पसरून हंसून दाखविलें, जणूं डावच तो. मंदाआत्या मोठ्यानें म्हणाली, "हेच का ते?" मग कोणी नॅपकिन आणिला आणि खांब पुसला, आणि तेल होतें त्याहून चांगलें पसरलें. वस्ताद भाबडेपणें म्हणाले, "अजून थोडं लावू का?" राणीसाहेबांनीं माइक घेतला आणि म्हणाल्या, "तर आता आपण अल्पोपहाराकडे वळू या."

दत्तारामजी खुर्चींतून उठले आणि म्हणाले, "झालं? मग चल घरी."

हें ऐकून कार्तिकीच्या मस्तकांत तिडीक गेली. ती मधोमध येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "पप्पा, थांबा! तेल वस्तादांच्या हाताएवढंच आहे. त्याच्यावर खांब कोरडा आहे. मला फक्त वर पोचवा." सभेंत कुजबुज. दत्तारामजी म्हणाले, "कशानं पोचवू? शिडी आहे का इथं?" ती म्हणाली, "तुम्ही आहात की." मंदाआत्या म्हणाली, "दत्ता, खबरदार!" आणि हीच मंदाआत्याची चूक जाहली, कारण घोणे घराण्यांतल्या माणसास खबरदार म्हटलें कीं तो आधीं चप्पल काढतो. दत्तारामजींनीं चप्पल काढली, पँट दुमडली, गादीवर आले, पाय रोविले, जणूं मधलीं वर्षें गेलींच नव्हतीं, आणि मान खालीं घालून म्हणाले, "तेलाला पाय लावू नको. गुडघा दे आधी. हां. आता खांदा. घाई नको." पोर त्यांच्या गुडघ्यावर चढली, मग खांद्यावर उभी राहिली, आणि हात उंचावून कोरडा खांब धरला. तेथवर ती कधीं चढली नव्हती. खालीं नेहमीची गादी होती, पण वरून ती रुमालाएवढी दिसे.

हातांवर अंग ओढून ती खांद्यावरून वर सुटली आणि तिनें लवण आवळली. दुखली. तळवा खांबाला रेटला, तेलाच्या वर बोटभर. अंग आडवें हवेंत निघालें, आणि एक हात सुटला. राणीसाहेब म्हणाल्या, "ब्रीद!" वस्ताद म्हणाले, "गप बसा हो बाई." दुसरा हात सुटेना. बोटें आवळलींच. कार्तिकीस खालीं बापाचें टक्कल दिसत होतें, आणि ते दोन खांदे, पोर निसटलीच तर झेलावयास तसेच ताठ. बाप वर बघत नव्हता. अवघी सभा बघत होती, मंदाआत्या तोंड उघडें टाकून बघत होती, फक्त ज्यानें बघावयाचें तो बघत नव्हता.

खालून आवाज आला, "लागला का थर?"

एका हातानें धरून "लागला" म्हणतां येत नव्हतें. सभेस खपलें असतें, टाळ्याही पडल्या असत्या. खालच्या थरास खोटें सांगतां येत नाहीं.

"कार्ते, लागला का?"

"थांबा जरा!" ऐसें ती ओरडली, रागानें, स्वतःच्याच बोटांवर चिडून, आणि तळवा जोरानें रेटला, आणि बोटें उघडलीं. दोन्ही हात हवेंत. ती हंसली मात्र नाहीं, कारण दुखत होतें.

"लागला, पप्पा!"

"लागला ना? मग उतर हळू. खांदा इथंच आहे."

मग टाळ्या जाहल्या, आणि राणीसाहेबांनीं माइकवर सांगितलें कीं ही सगळी रचना केंद्राचीच, आणि वस्तादांनीं शिशी खिशांत घालतांना कार्तिकीस म्हटलें, "पोरी, तुमच्या खांबाला तेल चालत नाही होय? मग सांगायचं की!" हें एकच वाक्य त्या दिवशीं राज्यांत मानकऱ्यांपैकीं कोणी सरळ बोलिलें.

घरीं जातांना टेम्पोंत कार्तिकीनें विचारिलें, "मग? पटली का झेप?" दत्तारामजी गिअर टाकीत म्हणाले, "मी कुठं बघितली?" "म्हणजे?" "मान खाली होती माझी. न बघता पटली कशी म्हणू? तहात डोळ्यांनी बघायचं ठरलंय." मागें बसलेली मंदाआत्या म्हणाली, "मग सतरा नंबर भरा!" दत्तारामजी म्हणाले, "नाही जमली तर भरायचा होता. ती तर म्हणाली लागला."

सारांश: राणीसाहेबांचें राज्य आहे तेथेंच आहे, अक्कलही गेली तेथेंच आहे. जुईलीनें आपल्या घसरणीचें नांव 'सर्पविलास' ठेविलें आणि आतां ती तें इतरांस शिकविते. तहाचा निकाल लागला नाहीं, सबब निकाल लागेतों क्लास चालू. पुढच्या संमेलनांत दत्तारामजी डोळ्यांनीं बघणार. वस्तादांचें तेल पुसलें गेलें आहे, पुन्हां कोणी लावणार नाहीं, खांद्याची गरज नाहीं, ऐसें कार्तिकीनें बापास समजाविलें. ते म्हणाले, "असू दे. खाली मीच उभा राहीन." इति.