निर्मनुष्य ग्रहावरची डुकरीण

टीव्हीचा अँटेना या विषयात आमच्या खोऱ्यात माझा हात धरणारा कोणी नाही! हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. यॉर्कशरच्या डोंगरांनी आमच्या गावाला असं कुशीत घेतलंय, की टीव्हीचं चित्र इथे श्रीमंत नातेवाइकासारखं येतं. आलं तर आलं, तेही घाईत!

तर त्या वर्षी बातमी आली की 'नवव्या ग्रहाची गस्त' ही जुनी मालिका टीव्हीवर पुन्हा पहिल्यापासून दाखवणार. दर शुक्रवारी संध्याकाळी! गाव नुसतं उसळलं. कारण त्यातला एक ग्रह आमचा आहे! म्हणजे आमची दगडाची खाण. त्या काळी इंग्लंडमधल्या टीव्हीवाल्यांना कुठलाही ग्रह लागला की ते एखादी खाण गाठायचे. पंचवीस वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात ते आमच्या खाणीत आले, पठ्ठ्यांनी तिचा 'झोर्गा' नावाचा निर्मनुष्य ग्रह केला, आणि निघून गेले. पण तेव्हा खोऱ्यात टीव्हीच दिसत नसे. त्यामुळे आपला ग्रह कसा दिसतो हे गावात एकानेही पाहिलेलं नव्हतं!

आता एक नाजूक भानगड सांगायला हवी. माझे सासरे वॉल्टर मर्गाट्रॉइड आणि त्यांचे शेजारी हॅरल्ड सग्डन हे त्या उन्हाळ्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते. शूटिंग चालू असतानाच सासऱ्यांची बक्षिसं मिळवणारी डुकरीण नाहीशी झाली. नाव डचेस, म्हणजे उमरावाची बायको. चालायचीही तशीच, म्हणे. जनावरांच्या प्रदर्शनात दरवर्षी तिचा पहिला नंबर आणि हॅरल्डच्या डुकरिणीचा दुसरा. झालं! सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला, "चोर हॅरल्डच!" तेव्हापासून पबमध्ये सासरे शेकोटीपाशी बसले की हॅरल्ड दारापाशी. एकमेकांना काही सांगायचं असलं तर दोघे पबमालकाच्या कुत्र्याला सांगत.

"सभागृहात टीव्ही मी लावतो," मी पबमध्ये जाहीर केलं. "सगळ्या गावाने एकत्र बसून बघायचं!"

"रॉय, माहीतगार माणूस बोलाव," माझी बायको ग्लेनिस म्हणाली.

"कशाला? मी आहे ना!"

"म्हणूनच म्हणतेय!"

शुक्रवारी सभागृह खचाखच भरलं. चहाची किटली उकळत होती, सासूबाईंनी, म्हणजे ईडिथनी, तीन प्रकारचे केक केले होते. पहिल्या रांगेच्या एका टोकाला सासरे, दुसऱ्या टोकाला हॅरल्ड आणि मध्ये आख्खं गाव. मी बटण दाबलं. पडद्यावर हिमवादळ! दुसरं बटण दाबलं. जास्त मोठं हिमवादळ!

"हाच का तो ग्रह?" सासऱ्यांनी विचारलं.

मी ताडकन उठलो, शिडी लावली आणि छपरावर चढलो. अँटेना हातात धरून फिरवू लागलो. ग्लेनिस खिडकीतून डोकं काढून आतली खबर वर पोचवू लागली.

"डावीकडे! अजून! आलं, आलं! गेलं!"

"आता?"

"एक पाय उचल!"

"काय?"

"मघाशी तुझा पाय घसरला ना, तेव्हा चित्र आलं होतं!"

मी पाय उचलला. खाली टाळ्यांचा कडकडाट! मी हात खाली घेतला की चित्र जाई, पाय टेकला की आवाज जाई. थोडक्यात, अँटेना राहिला बाजूला, चित्र माझ्यातूनच चाललं होतं! सगळं गाव आत केक खात मालिका बघतंय आणि मी छपरावर ध्यानस्थ बगळा!

खालून संवाद ऐकू येत होते. कोणीतरी भारदस्त आवाजात म्हणालं, "कॅप्टन, या ग्रहावर लाखो वर्षांत एकाही जीवाने श्वास घेतलेला नाही."

आणि सभागृहातून आरोळी उठली, "डुक्कर!"

मी चमकलो. मी नुसता उभा होतो हो!

"डुक्कर! अरे, डुक्कर बघा!"

"शिव्या कोणाला देताय?" मी वरून ओरडलो. "फुकट काम करतोय मी!"

"तुला नाही रे!" ग्लेनिस खिदळत होती. "पडद्यावर! कॅप्टनच्या मागून डुकरीण चाललीय! हलू नकोस!"

तेवढ्यात सासऱ्यांचा आवाज आला. भिंती हादरल्या असतील. "डचेस! ती माझी डचेस आहे! कान बघा तिचे! आता तिच्यामागून हॅरल्ड येणार! बघाच तुम्ही! येणार चोर!"

आणि एकदम शांतता. इतकी शांतता, की मला माझाच गुडघा वाजलेला ऐकू आला.

"काय झालं?" मी विचारलं. "अगं, आला का हॅरल्ड?"

"नाही," ग्लेनिस खालच्या आवाजात म्हणाली. "बाबा आले."

"कोणाचे?"

"माझे!"

झालं होतं असं. खाणीच्या काठावर, दगडाआडून, तरुण वॉल्टर मर्गाट्रॉइड तोंड उघडं टाकून बघत होते. काय बघत होते? तर चंदेरी तोकड्या झग्यातली, कुठल्याशा दुसऱ्या ग्रहाची राणी! त्यांच्या पाठीमागे त्यांच्याच डुकरांच्या वाडग्याचं फाटक सताड उघडं. आणि त्या फाटकातून निघालेली डचेस त्यांच्या कोपराला घासून पुढे गेली, तरी या माणसाची पापणी लवली नाही!

"वॉल्टर," ईडिथ शांतपणे म्हणाल्या. त्यांचा शांतपणा सायरनपेक्षा वाईट. "तू त्या आठवड्यात रोज चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला जात होतास ना?"

"तालीम... लवकर सुटायची."

"तुला गाता येत नाही, वॉल्टर. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं!"

हॅरल्ड उठून उभा राहिला. "पंचवीस वर्षं! पंचवीस वर्षं चोर म्हणालास मला! आणि स्वतः फाटक उघडं टाकून बायांचे गुडघे बघत होतास!"

"थांब, थांब!" सासरे ओरडले. "ती पुढे कुठे गेली ते बघू दे! तो बघा, गाडीजवळ कोण उभाय! पांढरा अ‍ॅप्रन घातलेला! सफरचंद दाखवतोय तिला! कोण आहे तो?"

आता सांगा, माणसाने किती वेळ धीर धरायचा? गावातलं सर्वांत मोठं रहस्य माझ्या पायाखाली उलगडतंय आणि मी एका पायावर! मी जरासा वाकलो. अगदी जरासा. खिडकीतून एक डोळा आत घालण्यापुरता.

हिमवादळ!

सगळं सभागृह एका आवाजात माझ्या नावाने ओरडलं. मी दचकलो, अँटेना सुटला, तो धरायला गेलो आणि त्याच्यासकट घरंगळत ईडिथनी सभागृहाच्या भिंतीलगत लावलेल्या गुलाबांच्या ताटव्यात जाऊन पडलो. कुठे कुठे काटे टोचले ते विचारू नका.

लंगडत आत आलो तर माझ्याकडे कोणी बघेना. सगळे ईडिथकडे बघत होते. त्या विचारात पडल्या होत्या.

"तो अ‍ॅप्रनवाला टीव्हीवाल्यांचा आचारी," त्या म्हणाल्या. "शूटिंग संपलं तेव्हा त्यांनी गावाला जेवण दिलं होतं, आठवतं? शेगडीवर भाजलेलं..."

वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. हॅरल्ड सावकाश खाली बसला. त्याचा राग कुठल्या कुठे गेला होता.

"वॉल्टर," तो हळूच म्हणाला, "तू तीनदा वाढून घेतलं होतंस."

सासऱ्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "खमंग होतं," ते पुटपुटले. मग त्यांनी खिशातून रुमाल काढला. "हॅरल्ड, इतकं खमंग मी आयुष्यात खाल्लं नाही रे!"

हॅरल्ड आपली खुर्ची उचलून त्यांच्या शेजारी गेला.  आपल्या बशीतला केक त्यांच्या बशीत ठेवला. सासऱ्यांनी नाक पुसलं, केक खाल्ला आणि म्हणाले, "माझं चुकलं."

"चुकलंच," हॅरल्ड म्हणाला. "पण राणी होती मात्र देखणी!"

सभागृहात बायकांनीही डोळे पुसले. मलाही गहिवरून आलं, पण ते काट्यांमुळेही असेल.

मालिका अजून बरीच बाकी होती. पुढच्या शुक्रवारी मी अंग दुखतंय म्हणून सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. मला छपरावर चढवलं, पाय उचलायला लावला आणि पाऊस सुरू झाला. खाली अंगणात सासरे आणि हॅरल्ड एका छत्रीखाली खांद्याला खांदा लावून उभे होते. "डावीकडे, गाढवा!" एक म्हणे. "गाढवा, उजवीकडे!" दुसरा म्हणे. एवढी मैत्री मी गावात पाहिली नव्हती.

छत्री माझी होती.