राखेचा ग्लास

ओसरीवर टिण टिण असा चमचा वाजला आणि सुरेखाला बरं वाटलं. सासू, जानकीबाई, गेल्यापासून घरात कुणी मोठ्यानं खोकलंसुद्धा नव्हतं. रडून डोळे सुजलेली तिची लेक प्रियदर्शनी आता ग्लास मांडून बसली होती. सुतकामुळं शाळा बंद, म्हणून बाईंनी मोबाइलवर प्रयोग धाडला होता: पाण्यात काय विरघळतं, काय नाही.

सकाळीच सुरेखानं मोठ्या दिरांना, शहादेव भाऊजींना, छातीठोक सांगितलं होतं, "भाऊजी, तुमी जीपचं बघा. अस्थी गंगेला जाईपर्यंत मडक्याला मुंगी लागू देणार न्हाई." मडकं तिनं स्वतः अंगणातल्या लिंबाला टांगलं होतं. अस्थी घरात आणायच्या नसतात, एवढं तिला पक्कं ठाऊक!

तिनं सहज वाकून पाहिलं. मिठाचा ग्लास, साखरेचा, तेलाचा आणि राखेचा. घरात गॅस येऊन किती वर्षं झाली. राख कुठली?

"तूच म्हणलीस की," प्रियदर्शनी म्हणाली. "राख आजीच्या मडक्यात हाय, दुसरी कुठं असणार."

म्हणाली होती खरी. भांडी विसळताना, मागं वळूनही न बघता. लेकरानं खुर्ची लावली, मडक्याच्या फडक्याची गाठ सोडली, दोन चमचे राख घेतली आणि गाठ परत मारली. आजीनंच शिकवलेली गाठ.

तेवढ्यात शहादेव भाऊजी उन्हातून आले आणि समोर दिसला तो ग्लास उचलून घटाघटा प्यायले. मिठाचा निघाला! सुतकाच्या घरात तक्रार तरी काय करायची? सरबतात साखरेऐवजी मीठ पडलं असेल पोरीकडून, असं पुटपुटत त्यांनी चूळ भरायला शेवटचा ग्लास उचलला. आईच्या हातच्या चहाशिवाय ज्याचा दिवस उगवत नसे, तो थोरला लेक आता आईलाच तोंडाला लावणार होता! सुरेखानं घारीसारखी झडप घातली.

"तो नका घेऊ. औषध हाय त्यात."

"कुणाचं?"

"माझं."

त्यांनी राखाडी पाण्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं पाहिलं आणि हिच्या डोक्यावर परिणाम झालाय असं ठरवून ते मडकं सोडायला अंगणात निघाले. आधी पाय धुऊन घ्या, असं सांगून तिनं त्यांना कसंबसं नळाकडं धाडलं.

स्वयंपाकघरात तिनं जानकीबाईंच्याच धुवट लुगड्याचा तुकडा पातेल्यावर धरला आणि ग्लास ओतला. राख कापडावर बसली. ओली राख मडक्यात कशी घालायची? तव्यावर जरा शेकावी, असं मनात आलं आणि तिनं स्वतःच्याच गालावर चापट मारून घेतली. एकदा जळाली तेवढं पुरे झालं. कापड हलक्या हातानं पिळलं, त्याची पुडी करून धावत जाऊन मडक्यात ठेवली, गाठ मारली. गाठ सासूबाईंसारखी जमली नाही.

परत आली तर पातेल्यात पाणी कसं नितळ. सुटले बाई, म्हणत तिनं ते मोरीकडं नेलं. बाहेर जीपचा हॉर्न वाजला. प्रियदर्शनीनं पदर धरला.

"आई, बाई म्हणल्यात, विरघळलेलं दिसत न्हाई, पण पाण्यातच असतंय."

"असतंय."

"मग आजी कापडावर किती ऱ्हायली अन् ह्याच्यात किती हाय?"