कुणाला सोडू?

माझ्या भावोजींच्या गाडीच्या डिकीत बारा महिने तीन जाड कोट असायचे. एक लहान, एक मध्यम, एक अवाढव्य. तिन्ही त्यांचे नव्हते. भारतातून कॅनडात पहिल्यांदा येणारा माणूस पातळ स्वेटर घालूनच विमानातून उतरतो, अशी त्यांची ठाम समजूत होती, आणि अशा माणसाला टॅक्सीने जाऊ देणं म्हणजे समस्त मराठी समाजाची नाचक्की. त्यामुळे आमच्यापैकी कोणीही येवो वा जावो, एअरपोर्टवर भावोजी हजर. "मी सोडतो" हे त्यांचं वाक्य. बारसं असो की तेरावं, जेवणं आटोपली की ते किल्ली वाजवत उभे राहायचे. "कोण कोण मिसिसागाकडे? चला, मी सोडतो." ज्याची स्वतःची गाडी बाहेर उभी असे, त्यालाही एकदा विचारून घेत.

भावोजींना जाऊन आता वर्ष होईल. लोक भेटतात आणि म्हणतात, "शेवटी फार हट्टी झाले होते, नाही?" मला संताप येतो. हट्टी ते पहिल्यापासूनच होते. माझी थोरली बहीण त्यांना दिली तेव्हापासून आम्ही ते बघतोय. शेवटी हट्ट केला तो बाकीच्यांनी.

सुरुवात हॉर्नपासून झाली. सोळा-सतरा सालची गोष्ट. कॅनडात हॉर्न वाजवणं म्हणजे जवळजवळ शिवीच. भावोजींना इतक्या वर्षांत कोणी वाजवला नव्हता. त्या हिवाळ्यात मात्र जो तो वाजवू लागला. भावोजींनी निष्कर्ष काढला, की देश बिघडला. "मेव्हणीबाई, आमच्या मिल्टन गावाचं पुणं झालंय!" एकदा मी शेजारी बसले होते. सिग्नल हिरवा झाला, आम्ही तसेच उभे. मागून हॉर्न. "वाजव, वाजव! वरात निघालीय तुझी!" ते ओरडले. पण हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले, आणि डोळे माझ्याकडे.

"निघू या, भावोजी," मी हळूच म्हणाले.

"मग? निघतोच आहे!"

पुढे डॉक्टरांनी डिमेन्शिया असल्याचं सांगितलं. तेही ताईला. भावोजी समोरच्या खुर्चीत बसलेले असताना डॉक्टर ताईला विचारतात, "डज ही स्टिल ड्राइव्ह?" जणू ते कुणाची तरी मागे राहिलेली बॅग होते. "ही इज हिअर," भावोजी गरजले, "अँड ही ड्राइव्ज बेटर दॅन यू पार्क!" डॉक्टरांची गाडी बाहेर दोन जागा अडवून उभी होती, हे खरं होतं. डॉक्टर ओशाळले. म्हणाले, त्यांनी आपणहून थांबवलं तर उत्तम, नाहीतर पुढच्या भेटीनंतर मला लायसन्सवाल्यांना कळवावंच लागेल.

कॅलगरीहून भाच्याचा फोन. "आई, जस्ट हाइड द कीज!" ज्या बापाने याला गाडी शिकवली, त्याच्यापासून किल्ली लपवायची, पोरापासून बिस्किटं लपवावीत तशी! पण ताई घाबरली होती. तिने लपवली. आणि कुठे, तर देवघरात, बाळकृष्णाच्या मागे. आता घरातली पूजा रोज भावोजीच करायचे. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून ते किल्ली वाजवतच बाहेर आले.

"देवानं दिली. माझ्याशी काय भांडतेस? त्याच्याशी बोल."

मी ताईला म्हटलं, हे चोरीमारीचे धंदे पुरेत, तोंडावर सांग. शनिवारी चहा झाल्यावर तिने धीर केला.

"अहो, तुम्ही आता सोडा."

भावोजी ताडकन उठले. कोटाची एक बाही चढलीसुद्धा. "कुणाला सोडू? एअरपोर्ट का?"

"कुणाला नाही हो. गाडी सोडा."

"गाडी? गाडी कुठे सोडायची?" त्यांनी क्षणभर विचार केला. "आणि गाडी तिथे सोडली, तर मी घरी कसा येऊ?"

मला हसू आवरेना. ताईही हसली, आणि हसता हसता बाहीने डोळे पुसू लागली. माणसाला घरी पोचवायचं आणि गाडी कायमची टाकायची, दोन्हीला आमच्या भाषेत एकच शब्द. शेवटी मीच स्पष्ट म्हणाले, "भावोजी, ड्रायव्हिंग बंद करा."

हे कळलं. "म्हणजे मी आता पॅसेंजर?" एवढंच म्हणून ते बेसमेंटमध्ये गेले आणि मी निघेपर्यंत वर आले नाहीत.

पुढच्याच आठवड्यात ते सकाळी दूध आणायला गेले. दुकान अगदी जवळ. जेवायची वेळ टळून गेली. ताईचा फोन आला, मी मिसिसागाहून पोचले, तरी त्यांचा पत्ता नाही. त्यांचा फोन घरातच. मी पोलिसांना कळवणार, एवढ्यात गाडी ड्राइव्हवेत तिरकी येऊन थांबली. भावोजी आत आले ते दुधाशिवाय, रागाने लाल.

"सगळी घरं सारखी! कुणी परवानगी दिली यांना? माणसानं ओळखायचं कसं?"

टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली होती. त्यांनी एकावरचं झाकण उचललं. मग दुसऱ्यावरचं.

"तू जेवली नाहीस?"

"तुमच्याआधी कधी जेवले आहे का?" ताई म्हणाली. तिने झाकण परत ठेवलं. तिला मधुमेह. तिच्या या खुळाचा मला आयुष्यभर राग आलेला आहे.

"शुगर आहे तुला! अक्कल आहे का?" भावोजी ओरडले. "आणि मला रस्ता सापडलाच नसता तर?"

"तर थांबले असते."

ते माझ्याकडे वळले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

"ही तू घेऊन जा. मी मागेन. फार ओरडेन तुझ्यावर. तरी देऊ नकोस."

मग कोट न काढताच त्यांनी ताईसाठी खुर्ची ओढली आणि शेजारी बसून तिच्या भातावर वरण वाढलं.

"जेव आता. मी कुठेही जात नाही."