बिनखर्ची गुणाकार

जावई सासऱ्यांच्या घरी राहत होता आणि ते त्याला आतून लागत होतं. सासरे बिचारे कधी चकार शब्द काढत नसत. पण शेजारीपाजारी 'घरजावई' हा शब्द अशा बेताच्या हलक्या आवाजात उच्चारत, की तो त्याला बरोबर ऐकू यावा. म्हणून नवी चिप जमली तर बढती आणि राहायला कंपनीचं घर मिळणार म्हटल्यावर गडी झपाटला. चिपचं काम एवढंच की दोन सिग्नल घ्यायचे आणि त्यांचा गुणाकार करून द्यायचा. अट अशी, की वीज अगदी चिमूटभर खायची.

आणि काय सांगावं, पहिल्याच चाचणीत मीटरचा आकडा शून्य. गुणाकार चोख, खर्च नाही. पठ्ठ्याने दुसऱ्यांदा तपासलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. त्याने आधी कंपनीभर डंका पिटला, मग बायकोला सामान बांधायला लावलं आणि प्रात्यक्षिकाला थेट सासऱ्यांनाच घेऊन गेला.

प्रयोगशाळेत माणसं दाटली. त्याच्या वरिष्ठ मॅडम हौसेने म्हणाल्या, व्होल्टेज कमी करून बघू. निम्मं केलं, गुणाकार चोख. पाव केलं, तरी चोख. टाळ्या पडल्या. मॅडमना चेव आला, त्यांनी सप्लायच बंद केला. पडद्यावर गुणाकार आपला चालूच. टाळ्या थांबल्या.

मॅडमनी वाकून बोर्डामागून चिपला वीज पुरवणारी लाल वायर उचलली. तिचं टोक मोकळंच लोंबत होतं.

"ही जोडलीच नव्हती?"

"नाही," जावई पुटपुटला.

"मग ही चिप जेवते कुठं?" सासऱ्यांनी भाबडेपणाने विचारलं.

"ज्यांचा गुणाकार करायचा, त्या सिग्नलांच्याच तारांतून चोरून," मॅडम म्हणाल्या. "घरजावई आहे झालं."

सगळे खो खो हसले. मॅडमना बिचाऱ्यांना काय ठाऊक? जावयाला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरे तेवढे हसले नाहीत, आणि तेच त्याला जास्त झोंबलं.

घरी बांधलेलं सामान दारातच होतं. बायकोने त्याचा चेहरा पाहिला आणि गाठी सोडायला घेतल्या. पानावर बसल्यावर तो मान खाली घालून म्हणाला, भूक नाही. सासऱ्यांनी भाजीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"जेवा, जावईबापू. इथली वायर जोडलेली आहे."