करार वाचणारा ग्राहक

बारामतीतल्या एका गृहवित्त संस्थेच्या शाखेत गेल्या वर्षी एक गंभीर प्रकार घडला. बुद्धघोष नावाच्या ग्राहकाने गृहकर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी तो करार वाचायला मागितला. संस्थेचे नाव इथे देत नाही. शाखा अजून त्या धक्क्यातून सावरते आहे.

बुद्धघोष एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार माल तपासतो. तपासल्याशिवाय सही करायची नाही, याचाच त्याला पगार मिळतो. त्याचे वडील श्रीपती यांची सारी नोकरी वालचंदनगरला कंपनीच्या क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीनंतर सगळे बारामतीत भाड्याच्या दोन खोल्यांत आले. तिथे भिंतीला खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावे लागे. अखेर घराण्यातले पहिले स्वतःचे घर म्हणून एक फ्लॅट ठरला. बिल्डरने महिनाअखेरपर्यंत थांबायचे कबूल केले, आणि श्रीपतींनी आपली खाट कुठल्या खिडकीपाशी लावायची तेही ठरवून टाकले.

कर्ज अधिकारी सुयोग याने कराराचा जाडजूड गठ्ठा पुढे सरकवला. सहीच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली मारलेली होती.

"फुली दिसली की सही करायची, सर."

"वाचून करतो."

"काही शंका आहे का?"

"शंका नाही. वाचायचंय."

"शंका नाही, तर वाचायचं कशाला?"

त्याची बायको मेघना सहकर्जदार म्हणून शेजारीच बसली होती. ती हळूच म्हणाली, "आधी घर तर मिळू दे. वाचायला पुढं वीस वर्षं आहेत."

शाखाधिकारी विजयसिंह यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून चहा पाजला आणि आपली अडचण सांगितली. "आपल्या प्रक्रियेत सही आहे, शिक्का आहे, पेढे आहेत. वाचन हा टप्पाच नाही. मी कॉम्प्युटरमध्ये दाखवू कुठे?"

प्रकरण मुख्य कार्यालयाकडे गेले. उत्तर सविस्तर आले. करार गोपनीय असल्याने सही न केलेल्या त्रयस्थ व्यक्तीस तो दाखवता येत नाही. सही केल्यावर प्रत देण्यास हरकत नाही, कारण त्यानंतर वाचनाने संस्थेचे कोणतेही नुकसान संभवत नाही. तथापि विशेष बाब म्हणून परवानगी देता येईल. त्यासाठी ग्राहकाची नोंद 'वाचनप्रवण' या जोखीमगटात करून व्याज पाव टक्का जास्त लावावे, वाचनामागे वाईट हेतू नसल्याचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, आणि न वाचता सही करण्याचा दीर्घ अनुभव असलेला एक जामीनदार द्यावा.

जामीनदार मिळायला वेळ लागला नाही. कोऱ्हाळे बुद्रुकचे ऊसवाले संभाजीराव हे श्रीपतींचे जुने दोस्त. सोसायटी असो की पतसंस्था, कुणाचा ट्रॅक्टर असो की कुणाची विहीर, त्यांची सही सगळीकडे असे. जामीन राहायला नाही म्हणणे हे त्यांच्या लेखी पंगतीतून ताट सोडून उठण्यासारखे होते.

"आरं, मी आजवर एक कागुद वाचला न्हाय," ते बुद्धघोषला म्हणाले. "वाचाय लागलं की समोरच्याला वाटतं, याचा आपल्यावर इस्वास न्हाय."

"काका, त्यांचा तरी आपल्यावर कुठं आहे? पगाराची पत्रकं घेतली, सह्या केलेले चेक घेतले, तुम्हालाही घेतलं."

"त्यो त्यांचा धंदा हाय. आपला सोभाव हाय."

प्रतिज्ञापत्रही बुद्धघोषने वाचले. त्यात त्याचा उल्लेख 'कै. श्रीपती यांची विधवा' असा होता. "आरं, मी हितं बसलोय की!" शेजारी बसलेले श्रीपती ओरडले. चूक दुरुस्त झाली, पण ग्राहकाच्या वाचनाची ही दुसरी घटना म्हणून तिची नोंद घेण्यात आली.

आता एकच अडचण उरली. वाचनाच्या वेळी शंकानिरसनासाठी कर्मचारी हजर हवा, आणि शाखेत करार वाचलेला एकही कर्मचारी नव्हता. म्हणून सुयोगला तो आधी वाचण्याचा लेखी आदेश निघाला.

सुयोग दुपारी वाचायला बसला. व्याजदर संस्थेस योग्य वाटेल तसा बदलेल, असे एका कलमात होते. व्याज वाढले तर हप्ता तोच ठेवून मुदत वाढेल आणि त्यासाठी ग्राहकाला विचारायची गरज नाही, असे पुढच्यात होते. विम्याचे पैसे कर्जातच मिळवले होते, म्हणजे त्यांच्यावरही व्याज होते. सुयोगचे स्वतःचे गृहकर्ज याच शाखेचे होते. त्याने कॉम्प्युटरवर आपले खाते उघडून पाहिले. आजवरचे हप्ते बहुतेक व्याजातच गेले होते, आणि कर्ज संपण्याची तारीख त्याच्या निवृत्तीच्या बरीच पलीकडे जाऊन बसली होती. त्याने पाणी मागितले. लगेच त्याची बदली भिगवणला झाली. आदेशात कारण होते, 'अनावश्यक आकलन'.

बुद्धघोषने मग एकट्यानेच, कर्मचाऱ्याऐवजी लावलेल्या कॅमेऱ्यासमोर बसून, अख्खा करार वाचला.

महिनाअखेरच्या रविवारी एका मंगल कार्यालयात संस्थेचा 'गृहस्वप्नपूर्ती सोहळा' होता. ज्यांच्या डोक्यावर कर्ज चढणार, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होता. प्रत्येकाच्या हाती पुठ्ठ्याची मोठी किल्ली द्यायची, फोटो काढायचा आणि तिथेच सह्या घ्यायच्या, असा बेत होता. बुद्धघोषचा नंबर आला तेव्हा तो म्हणाला, "मुदत वाढवण्याआधी मला विचारायचं, एवढं लिहून द्या. आणि विमा मला नको."

विजयसिंहांनी माइकवर हात ठेवला. "तुम्हाला वाचायची परवानगी दिली होती. समजून घ्यायची नव्हती."

मागून रांग ओरडू लागली. "वाचायचं आसंल तर वाचनालयात जावा!" "आवरा, जेवणं थांबल्याती!"

बुद्धघोष रांगेकडे वळला. "अहो, तुमच्याही करारात हेच आहे."

मग एक बाई चिडून म्हणाल्या, "व्हय, आसंल. पर आमाला कशाला सांगता? आमची झोप कशाला घालवता?" त्यांना टाळ्या पडल्या. विजयसिंहांना त्या दिवशी पडलेल्या टाळ्यांपेक्षा या जास्त होत्या.

बिल्डरचा माणूस दुसरे गिऱ्हाईक घेऊनच दारात उभा होता. श्रीपती काठी टेकत व्यासपीठापाशी आले. "तुला काय कळलंय ते मला समजतंय रं," ते म्हणाले. "पर मला आता दुसऱ्याच्या घरात मरायचं न्हाय. कर सही."

बुद्धघोषने प्रत्येक फुलीवर सही केली. त्याला राग आला होता आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हते. शाल घालताना निवेदकाने 'चोखंदळ ग्राहक' म्हणून त्याचे खास कौतुक केले. आपण कशावर सही केली हे त्या मंडपात त्याला एकट्यालाच ठाऊक होते, आणि त्याबद्दल तो इतरांपेक्षा पाव टक्का जास्त भरतो आहे.

तुम्ही मात्र ही हकीकत एकही ओळ न सोडता वाचलीत, कारण शेवटी सही मागितलेली नाही. जेवणासाठी रांगेतून ओरडणारा तो आवाज कुणाचा, हे शाखेला अजून समजलेले नाही. मला तो ओळखीचा वाटला, थेट तुमच्यासारखा. तुमच्या घराचा करार कपाटात कुठे आहे, एवढे तरी आठवते का तुम्हाला?