जनूकाकांचं लहान इंजिन

जनूकाका गाडीला किल्ली लावण्याआधी डावीकडचं पुढचं दार उघडतात, जरा थांबतात आणि हलक्या हाताने लावतात. मग स्वतः बसतात. त्या दारातून कुणी आत गेलेलं मी कधी पाहिलेलं नाही.

मी सांगलीचा. नोकरीपायी बोईसरजवळच्या दांडी गावात त्यांच्या घरात भाड्याने राहतो. बाजाराला जाताना ते मला बोईसरच्या रेल्वेपुलापलीकडे कारखान्यावर सोडतात. पुढची सीट रिकामी आणि मी मागे, गुडघे हनुवटीला लावून. गाडी जुनी, इंजिन एवढंसं. पुलाच्या चढावर एसी बंद, गिअर दुसरा, मागून ट्रकवाल्यांचे हॉर्न.

"काका, मोठ्या इंजिनाची घ्या की आता. दोन माणसांनी दमते ही."

"दोन?" काका आरशातून बघायचे. "इंजिनाला विचार."

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. आज बोंबील मिळतील का म्हटलं, तरी इंजिनाला विचार.

एकदा त्यांनी मला पुलाच्या पायथ्याशीच उतरवलं. "आता आयक." काका अंगाने काडी, एकटेच, तरी गाडी तशीच कण्हत दुसऱ्या गिअरमध्ये चढली. मी चालत पलीकडे पोचलो तर ते वाट बघत उभे.

"काकू जाऊन वर्सा झाली, पन चढावर अजून दुसराच टाकायला लागते. मोट्या इंजिनाला माणूस बसला काय नि उतरला काय, कलत नाय."

इंजिन म्हातारं झालंय, हे माझ्या ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं. भर उन्हात अंगावर काटा आला होता.

मग त्यांच्या ठाण्याच्या मुलाने हौसेने मोठ्या इंजिनाची नवी गाडी आणली आणि जुनी देऊन टाकली. काकांचं जेवणातलं लक्ष उडालं.

पहिल्याच दिवशी काकांनी दार उघडलं, थांबले, लावलं. मी सवयीने मागे, डबा मांडीवर. एसी चालू, आणि पूल कधी चढलो ते कळलंही नाही. आरशात काकांचा चेहरा पडला होता.

"ती आलीय का नाय, आता कसा कलणार?"

तेवढ्यात समोर टिंगटिंग सुरू झालं. पुढे बसलेल्याने पट्टा लावला नाही की वाजतं ते. काकांचा पट्टा लावलेला होता. डावी सीट रिकामी होती.

पूल उतरून काकांनी गाडी बाजूला घेतली. वाकून डावीकडचा पट्टा ओढला, सावकाश अडकवला. आवाज थांबला.

"तिला सवय नाय पट्ट्याची," काका तोंडभर हसले.

मी भ्यालो होतो, खोटं कशाला सांगू. तरी कारखान्यापाशी उतरताना पुढच्या काचेशी वाकलो आणि म्हणालो, "येतो, काकू."