केशवदादांचा कान

केशवदादा लग्नात जेवायला बसले की पापड आधी कानाशी नेत. मोडून ऐकत, मान डोलावत, मगच खात. नीट वाजला नाही तर वाढप्याला परत बोलावत. "भाऊ, हा सादळला हाय. आत जाऊन बघ, डबा उघडा असल." डबा खरंच उघडा असे.

ही सवय त्यांना भाताच्या पेंढ्याने लावली. कुंभवलीत त्यांची शेती. झोडणी झाली की पेंढ्याची काडी दातात धरून कट्कन मोडायची. "वाजला तर सुका, नाय वाजला तर ओला. काडी खोटा बोलत नाय."

आमच्या कारखान्याने बॉयलरसाठी दगडी कोळसा बंद करून पेंढा आणि तूस दाबून केलेल्या कांड्या घ्यायला सुरुवात केली, तेव्हा साहेबांनी माल तपासायला दादांनाच गेटवर स्टूल दिलं. व्यापारी त्या कांड्यांना पांढरा कोळसा म्हणत. दादांना ते शेवटपर्यंत पटलं नाही. "पांढरा कुठं हाय? गूळ दिसतोय." गाडी आली की एक कांडी कानाशी मोडत. पुढे ओल मोजायचं यंत्र आलं. ड्रायव्हर म्हणे, "चाचा, मशीन तो पास बोल रही है." दादा विचारत, "मशीनला कान हायत काय?" गाडी परत. शेजारच्या सालवड गावचे कामगार तर फरसाणाच्या पुड्याही त्यांच्याकडून पास करून घेत.

मी त्याच बॉयलरवर होतो. आता जे सांगायला बसलो ते सांगतो.

एका दुपारी अवकाळी पाऊस आला. शेडची ताडपत्री ओढायचं काम माझं. मी टपरीवर चहा पीत गप्पा मारत बसलो होतो. धावत येऊन ताडपत्री ओढली, पण तोवर कांड्या फुगून त्यांचा लगदा झाला होता. बॉयलरच्या वाफेचा दाब पडला, कारखाना थांबला. साहेबांनी विचारलं आणि मी म्हणालो, "माल ओलाच आला होता, साहेब."

दादांनी वाद घातला नाही. स्टूल उचलून आत ठेवलं आणि घरी गेले. ते पुन्हा गेटवर आले नाहीत.

त्यानंतर लग्नात ते पापड नुसतेच खाऊ लागले. कोणी चिडवे, "काय दादा, कानात जाळी झाली काय?" ते हसत. दोन खुर्च्या सोडून मी खाली मान घालून जेवत असे. अशी सहा वर्षं गेली.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. वहिनी वारल्यापासून दादा घरात एकटेच. ओटीवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. शिव्या खायची तयारी ठेवूनच गेलो होतो.

दादांनी मान वर केली.

"म्हंजे तो माल सुका होता?"

"खडखडीत."

"म्हंजे माजा कान गेला नव्हता?"

"नाही, दादा."

"अरे चोरा!" ते म्हणाले, पण खांद्यावरचं ओझं उतरवावं तसा श्वास सोडून. मग आत भिंतीवरच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ती बोलायची, माल सुकाच असणार. मी तिच्यावर खेकसायचो. दर उन्हाळ्यात पापड वाळले की एक आणून माज्या कानाशी धरायची. मी तोंड फिरवायचो."

मी म्हणालो, "मी हे लिहून काढतो. सगळ्यांना कळू दे."

"लिही. टपरीचा पण लिही."

मग ते अंगणात उतरले. पेंढ्याच्या उडवीतून एक काडी ओढली, दातात धरली, डोळे मिटले. दुसरी काडी माझ्या कानाशी आणून वाकवली.

"बोल. काय हाय?"

मी नीट ऐकलं. "ओली आहे, दादा."

"ओलीच हाय. आता खरा बोललास." ते घराकडे वळले. "मी च्या ठेवतो. तवर तू उडवीवर ताडपत्री ओढ."

मी ओढली. चारही बाजूंनी.